मुका मणका

"मॅडम, पाठ दुखतीया."

हेमांगी साळोखेंनी तोंडातली शिट्टी काढली आणि सवयीप्रमाणे आधी टॅबकडे पाहिलं, मग निलोफरकडे. टॅबवर चौदा मुलींची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक ठिपका. निलोफर शिकलगार, लेफ्ट कॉर्नर. ठिपका हिरवा.

"हिरवी आहेस तू."

"हिरवी हाय, पर दुखतीया."

"काल हेच. परवा हेच. गेल्या शुक्रवारी तर वॉर्मअपच्या आधीच. निलोफर, दहा दिवसांवर स्पर्धा आलीय. मी रोज सकाळी उठून तुझ्या पाठीची समजूत काढत बसू का?"

मॅटच्या कडेला दोन मुली खुदकन हसल्या. निलोफर हसली नाही. तिने गुडघे वाकवले, कंबर खाली घेतली, दोन्ही हात पुढे केले आणि चढाईला येणाऱ्या मुलीच्या पायांवर नजर लावली. पुढच्याच क्षणी तिने झेप टाकून त्या मुलीचा घोटा पकडला. मुलगी मधल्या रेषेकडे खेचत होती, निलोफर मागे ओढत होती, आणि तिची पाठ ओल्या कपड्यासारखी पिळली जात होती. पकड पक्की झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ," हेमांगी म्हणाल्या, "जमतंय की सगळं!"

साताऱ्याजवळच्या त्या कबड्डी सराव केंद्रात हेमांगी साळोखे सहा वर्षं प्रशिक्षक होत्या. वय त्रेचाळीस. एके काळी त्या स्वतः राइट कॉर्नरला खेळायच्या आणि त्यांच्या पकडीतून सुटलेल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सव्विसाव्या वर्षी त्यांची कंबर गेली. त्याआधी वर्षभर त्या प्रशिक्षकांना सांगत होत्या की, सर, दुखतंय. सर म्हणायचे, "नाटकं बंद कर." क्ष-किरण काढले तेव्हा कमरेच्या शेवटच्या मणक्याचे दोन तुकडे झाले होते. त्यानंतर त्या खेळल्या नाहीत.

म्हणूनच हाडाचा आवाज ऐकणारी 'अस्थिश्रुती' पट्टी आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला होता. दुखण्याला साक्षीदार मिळाला, आता कुणी कुठल्या मुलीला नाटकी म्हणणार नाही, असं त्या पश्चिम विभाग क्रीडा मंडळाच्या बैठकीत उभं राहून बोलल्या होत्या. पट्टी प्रत्येक खेळाडूला सक्तीची करा, असा ठराव त्यांनीच मांडला होता.

पट्टी दिसायला साधी होती. तळहाताएवढी, कातडीच्या रंगाची, कमरेच्या वर मणक्यावर चिकटवायची. आंघोळीलाही काढायची नाही. ती तयार केली होती डॉक्टर ऋजुता खांबेटे या पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या तरुण इंजिनिअरने. पहिल्या दिवशी तिने मुलींसमोर बसून सगळं समजावून सांगितलं होतं.

"वाळलेला बांबू हळूहळू वाकवला तर मोडायच्या आधी तो करकरतो. बरोबर? हाडही करकरतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा ताण पडला की हाडात केसापेक्षा बारीक भेगा पडतात. प्रत्येक भेग पडताना एक आवाज होतो. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, फार वरच्या स्वरातला असतो. या पट्टीत स्फटिकाचे अडतीस कण आहेत, त्यांना तो ऐकू येतो. स्नायूंचे आवाज, सांध्यांचे आवाज वजा करून ती फक्त हाडाचा आवाज मोजते."

मग तिने प्लास्टिकचा मणका हातात घेऊन त्याची मागची बाजू दाखवली होती. वरच्या सांध्याला आणि खालच्या सांध्याला जोडणारा हाडाचा एक चिंचोळा पूल तिथे असतो. डावीकडे एक, उजवीकडे एक. "तुम्ही वाकून बसता, झेप घेता, आणि समोरची मुलगी ओढायला लागली की पाठ मागे ताणून पिळता. तो सगळा भार या दोन पुलांवर येतो. एकदा नाही, दिवसातून दोनशे वेळा. शरीर रोज थोडी डागडुजी करत असतं. आधी खराब झालेलं हाड खणून काढतं, मग नवीन भरतं. खणायला तीन आठवडे, भरायला तीन महिने. मोडतोड डागडुजीपेक्षा जास्त झाली की पूल तुटतो. पट्टी एवढंच सांगणार, की मोडतोड पुढे आहे का डागडुजी. आवाज वाढला तर पिवळी, फार वाढला तर लाल. सलग तीन आठवडे शांत राहिली की हाड भरतंय असं समजायचं. हिरवी."

मुलींनी त्या पट्टीचं नाव दुसऱ्याच दिवशी 'सासू' ठेवलं. पाठीवर बसते आणि कुरकुरते म्हणून.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. तीन मुली लाल झाल्या, तिघींना बसवलं, तिघीही बऱ्या होऊन परत आल्या. पण दुसऱ्या वर्षी चाल हळूहळू बदलली. हिरव्या मुलीला किती पळवता येईल याचं गणित प्रशिक्षक मांडू लागले. पिवळी व्हायला अजून वाव आहे ना, मग घे आणखी वीस पकडी. पूर्वी मुलगी दमली, कण्हली, की थांबवायचे. आता ठिपका थांबवत नाही तोवर कुणी थांबेना. आणि हेमांगींनाही ते चुकीचं वाटत नव्हतं. मोजमाप होतं ना हाताशी.

निलोफर तासगावची. वडील धार लावायचं दुकान चालवायचे, कात्र्या, कोयते, उसाचे विळे. बावीस वर्षांची ही मुलगी डाव्या कोपऱ्यात उभी राहिली की समोरच्या संघाची बोनस गुण घ्यायची हिंमत होत नसे. यंदा आंतरविभागीय स्पर्धेतून भारतीय शिबिरासाठी मुली निवडणार होते, आणि निलोफरचं नाव यादीत पहिलं होतं. शिबिरात गेलं की खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात नोकरी. शिकलगारांच्या घरात सरकारी नोकरी कुणी पाहिली नव्हती.

गणपतीच्या सुमारास ती पिवळी झाली होती. हेमांगींनी तिला अर्ध्या सरावावर ठेवलं. आवाज वाढतच होता. मग दसऱ्याच्या आधी एका सराव सामन्यात चढाईच्या मुलीने तिला पार मधल्या रेषेपर्यंत फरफटत नेलं. निलोफर क्षणभर उठली नाही. मग उठली आणि म्हणाली, "कायतरी झालं, मॅडम. कळ आली एकदम." पण त्या दिवसापासून पट्टी शांत झाली. एकवीस दिवस एक आवाज नाही. ठिपका हिरवा झाला तेव्हा मुलींनी मेसमध्ये शिरा करायला लावला होता. सासू निवली म्हणून.

आणि त्यानंतर ही रोजची रड.

त्या दिवशी सराव संपल्यावर हेमांगींनी टॅब उघडला. मंडळाचे कार्यवाह दिनकरराव बाबर यांचा निरोप आला होता: 'शिकलगार या खेळाडूच्या विनाकारण तक्रारींची नोंद का केली नाही?' हिरव्या खेळाडूने तीनदा तक्रार केली तर 'असहकार' म्हणून नोंद करायची, असा मंडळाचा नवा नियम होता. हेमांगी वैतागल्या. बाबरांवर, नियमावर, आणि सगळ्यांत जास्त निलोफरवर. एवढी गुणी पोर, आणि ऐन वेळी कच खाते. एकदा धाक बसू दे, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून निलोफरने पाठीचं नाव काढलं नाही. हेमांगींना बरं वाटलं.

* * *

आठ दिवसांनी, दुपारच्या जेवणाला, मेसमध्ये निलोफरच्या हातून चमचा पडला.

हेमांगी समोरच्या टेबलावर आमटी वाढून घेत होत्या. त्यांनी पाहिलं, निलोफरने डावा हात टेबलावर टेकला. उजवा पाय मागे नेला. पाठ काठीसारखी ताठ ठेवून हळूहळू गुडघ्यावर बसली, चमचा उचलला, आणि पुन्हा टेबलाचा आधार घेत तशीच ताठ वर आली. चेहऱ्यावर काही नाही.

हेमांगींच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. बावीस वर्षांची मुलगी असा चमचा उचलत नाही. असा चमचा त्या स्वतः उचलत आल्या होत्या, सतरा वर्षं. आधी हात, मग पाय, मग श्वास धरून खाली. हे कुणी शिकवत नाही. ज्याचं त्याला शिकावं लागतं.

जेवण झाल्यावर त्यांनी निलोफरला व्यायामशाळेत बोलावलं.

"एका पायावर उभी राहा. डाव्या. आता मागे वाक."

निलोफर वाकली. अगदी थोडी. वरचा ओठ पांढरा पडला.

"दुखतंय?"

"न्हाई."

"उजव्या पायावर. वाक."

या वेळी तिने भिंतीला हात लावला.

"निलोफर, दुखतंय का?"

"न्हाई, मॅडम. हिरवी हाय मी."

"मी ठिपक्याचं विचारत नाहीये, तुझं विचारतेय!"

"माझं कशाला इचारता आता?" निलोफर शांतपणे म्हणाली. "महिनाभर सांगत हुते तवा तुमी असहकार लिवला. अजून एक नोंद झाली की शिबिर गेलं. मला काय बी हुत न्हाई. खेळू द्या."

आणि ती पट्टीवरून टीशर्ट नीट खाली ओढून निघून गेली.

हेमांगी तिथेच बाकावर बसल्या. त्यांना संताप आला होता, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ऋजुताला फोन लावला.

"डॉक्टर, तुमची पट्टी निलोफरच्या बाबतीत चुकतेय."

"तिचे आकडे मी सकाळीच पाहिले, मॅडम. इतका स्वच्छ आलेख क्वचित असतो. एक बारीकसुद्धा आवाज नाही."

"तिला चमचा उचलता येत नाही."

"मग स्नायू असेल. किंवा मणक्यांमधली गादी, किंवा नस. पट्टी फक्त हाड ऐकते, हे मी पहिल्या दिवशी..."

"हाडच आहे. मला ठाऊक आहे ते दुखणं." हेमांगी उठून येरझाऱ्या घालू लागल्या. "मला एक सांगा. तुटलेल्या हाडाचा आवाज येतो का?"

"तुटताना येतो. मोठा येतो."

"आणि तुटल्यावर?"



"तुटल्यावर," ऋजुता सावकाश म्हणाली, "पुलाच्या दोन कडा सुट्या होतात. त्यांच्यावर भार येत नाही. भार नाही म्हणजे नवीन भेगा नाहीत. म्हणजे..."

"म्हणजे शांत."

"पण तुटतानाचा आवाज पट्टीने पकडला असता, मॅडम! तो फार मोठा असतो."

"ती दसऱ्याच्या आधी मॅटवर फरफटत गेली होती. पाठीवर आपटली होती. तेव्हाचे आकडे बघा."

कीबोर्डचा आवाज आला. बराच वेळ. मग ऋजुताचा आवाज पार बदललेला होता. "मोठा आवाज आहे. पण पट्टीने तो 'बाहेरचा आघात' म्हणून वगळलाय. पाठ आपटल्यावर होतो तसा. तो नियम मीच लिहिलाय. आणि त्यानंतर एकवीस दिवस शांत. मॅडम, भरून आलेलं हाड आणि तुटून गेलेलं हाड, दोन्ही सारखीच गप्प असतात. हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग कसं ओळखायचं?"

"स्कॅन काढावा लागेल. दुसरा उपाय नाही."

* * *

स्कॅनला मंडळाची परवानगी लागे. मुलींना विनाकारण किरण देऊ नयेत म्हणून हिरव्या खेळाडूचा स्कॅन काढायचा नाही, असा नियम होता. नियम चांगल्या हेतूने केलेला होता, आणि त्याच्यावर हेमांगींचीच सही होती. त्यांनी अर्ज उघडला. 'कारण निवडा.' पिवळी खूण. लाल खूण. पट्टी नादुरुस्त. अपघात, चोवीस तासांच्या आत. बस्स. पाचवी ओळच नाही. लिहायला मोकळी जागाही नाही. त्यांनी 'पट्टी नादुरुस्त' निवडलं. पट्टीने स्वतःची तपासणी करून दोन मिनिटांत उत्तर दिलं: पट्टी ठणठणीत. अर्ज फेटाळला.

त्यांनी बाबरांना फोन लावला.

"साळोखे मॅडम," बाबर म्हणाले, "उद्या सकाळी संघ नागपूरला निघणार. आणि तुम्ही मला सांगताय की तुमची सगळ्यात भारी लेफ्ट कॉर्नर आजारी आहे. कोण म्हणतंय? ती म्हणतीय?"

"ती नाही म्हणतेय."

"यंत्र काय म्हणतंय?"

"यंत्र हिरवं आहे."

"म्हणजे यंत्र म्हणतंय बरी आहे, पोरगी म्हणतीय बरी आहे. आणि आजारी आहे असं फक्त तुम्ही म्हणताय." बाबरांनी उसासा सोडला. "ठराव तुमचाच होता ना, मॅडम? अंदाजावर कुणाला बसवायचं नाही, अंदाजावर कुणाला खेळवायचं नाही? टाळ्या वाजवल्या होत्या मी."

हेमांगींना फोन भिंतीवर आपटावासा वाटला. त्यांनी तो खिशात ठेवला.

संध्याकाळी त्या निलोफरला म्हणाल्या, "माझ्याबरोबर साताऱ्याला चल. खासगी दवाखान्यात स्कॅन काढू. मंडळाला कळणार नाही."

"स्कॅन केला की ते मंडळाच्या नोंदीत चढतं. आपोआप. तुमीच सांगितलं हुतं." निलोफर बॅग भरत होती. कपडे खाली न वाकता पायानेच ओढून पलंगावर घेत होती. "दोन सामने, मॅडम. उपांत्य आन अंतिम. मग तुमी म्हणाल तितं येते."

"त्या दोन सामन्यांत मणका पुढं सरकला तर? पायातली ताकद गेली तर? पोलिसात पळायची परीक्षा असते, पोरी!"

"गेली तर गेली. पाठ नुसती दुखत हुती तवा कुणाला दिसली?"



* * *

नागपूरच्या बंदिस्त स्टेडियममध्ये दुपारी चारला उपांत्य सामना होता. साडेतीन वाजता प्रशिक्षकाने सात जणींची यादी पंचांकडे द्यायची. हेमांगी यादी हातात घेऊन कपडे बदलायच्या खोलीत आल्या. मुली गुडघ्यांना पट्ट्या बांधत होत्या. निलोफर उभ्यानेच बूट घालत होती, पाय बाकावर ठेवून.

"लेफ्ट कॉर्नरला आज समिधा खेळेल," हेमांगी म्हणाल्या.

समिधा एकोणीस वर्षांची होती आणि तिने मोठा सामना कधी खेळला नव्हता. ती निलोफरकडे बघायलाही धजेना.

"मॅडम," निलोफर पुढे आली. तिने टीशर्ट वर करून पाठ त्यांच्याकडे केली. पट्टीच्या कोपऱ्यात शेंगदाण्याएवढा हिरवा दिवा लुकलुकत होता. "बघा की. हिरवी हाय मी. तुमीच म्हणता न्हवं, पट्टी खोटं बोलत न्हाई?"

"ते मी चुकीचं म्हणत होते."

"आता चुकीचं? आज? निवड समिती वर बसलीया, आज?" तिचा आवाज चिरकला. "मी रडत हुते तवा तुमी पट्टी बघत हुता. आता मी पट्टी दाखवतीया तर तुमी मला बघताय. एकदा तरी माझ्या बाजूनं बघा की!"

"तुझ्याच बाजूनं..."

"न्हाई! तुमच्या बाजूनं! तुमची पाठ मोडली म्हणून!"

हेमांगींना ते वर्मी लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी यादी दुमडली. "असेल. माझ्यासाठी असेल. तरीपण तू आज मॅटवर जाणार नाहीस."

त्या बाहेर आल्या आणि यादी पंचांच्या हातात दिली. पाच मिनिटांत टॅब खणखणला. 'हिरव्या खेळाडूस वगळण्याचे लेखी कारण द्यावे, अन्यथा प्रशिक्षकपदावरून निलंबन.' या वेळी मात्र लिहायला मोकळी जागा होती. हेमांगींनी लिहिलं: 'तिला दुखतंय.' आणि टॅब बॅगेत टाकला.

सामना तीन गुणांनी गेला. समिधा जीव तोडून खेळली. शेवटच्या चढाईत तिने घोटा धरला होता, आणि पकड सुटली. त्या जागी निलोफर असती तर सुटली नसती, हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत होतं, समिधाला सगळ्यांत जास्त. ती मॅटवर बसून हमसाहमशी रडली. निलोफर राखीव मुलींच्या बाकावर होती. तिने उठून समिधाला पाणी नेऊन दिलं. हेमांगींच्या समोरून गेली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. निवड समितीने शिबिरासाठी दुसऱ्या संघाची लेफ्ट कॉर्नर घेतली.



* * *

स्कॅन मंगळवारी सकाळी झाला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून निलोफर स्वतःच गेली. ऋजुता पुण्याहून आली होती. पडद्यावर पाचवा मणका दिसत होता. डावीकडचा पूल तुटलेला. उजवीकडचाही तुटलेला. मणका खालच्या हाडावरून चार मिलिमीटर पुढे सरकला होता. तुटलेल्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, जुन्या जखमेसारख्या.

"आणखी सरकला असता तर नस दाबली गेली असती," दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "आता शस्त्रक्रिया न करता भागेल. सहा महिने पट्टा, व्यायाम. मग बघू."

"खेळता येईल?" निलोफरने विचारलं.

"बघू म्हटलं ना."

"दसऱ्याला आले असते तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तेव्हा भेग ताजी होती. ताजी भेग बहुतेक वेळा भरून येते."

निलोफरने मान हलवली. ती हेमांगींकडे वळली, आणि हेमांगींना वाटलं, आता ही मनात साठलेलं सगळं बाहेर काढणार. पण ती फक्त म्हणाली, "ऐकलं न्हवं?"

"ऐकलं," हेमांगी म्हणाल्या.

त्यांनी क्षमा मागितली नाही. मागितली असती तर त्या पोरीला 'असू दे, मॅडम' म्हणावं लागलं असतं, आणि तेवढंही तिच्याकडून मागायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं.

निलंबनाचं पत्र बुधवारी आलं. त्याच दिवशी ऋजुता लॅपटॉप घेऊन हेमांगींच्या घरी आली. तिचे डोळे सुजले होते. तिने चारही विभागांतले दोन वर्षांचे आकडे उपसले होते. आवाज वाढत गेला, मग 'बाहेरचा आघात', मग एकदम कायमची शांतता. असे अकरा आलेख निघाले. अकरा मुली, सगळ्या हिरव्या, सगळ्या आजच्या घडीला कुठे ना कुठे मॅटवर.

"मंडळाला कळवलंय," ऋजुता म्हणाली. "पुढच्या महिन्याच्या बैठकीत घेतो म्हणाले. तोवर आलेखावरून स्कॅन मंजूर होत नाही. मुलीने स्वतः लेखी सांगितलं तर कुठल्याही दवाखान्यात काढता येतो."

"मग विचारूया मुलींना."

हेमांगींनी पहिला नंबर लावला. परभणीची मुलगी. "पाठ दुखते का गं तुझी?"

"नाही, मॅडम. हिरवी आहे मी."

दुसरी रत्नागिरीची. "छे, मॅडम. हिरवी आहे." तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येकीचा आवाज तोच, तयार, पाठ केलेला, जणू पलीकडे कुणी नोंद करायला बसलंय. सहाव्या मुलीने तर ठिपक्याचा फोटो पाठवून दिला. हेमांगींनी फोन टेबलावर आदळला. "काय बोलायचं यांच्याशी! खोटं बोलतात, साफ खोटं! कुणी शिकवलं यांना एवढं..."

आणि त्या मध्येच थांबल्या.

मग त्यांनी तासगावचा नंबर लावला. निलोफर काय म्हणेल, फोन तरी घेईल का, काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. अकरा जणी आहेत. माझ्याशी बोलत नाहीत. बोलणारही नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

"नंबर पाठवू नगा," निलोफर म्हणाली. "मी येते."

दुपारी ती वडिलांबरोबर आली, कमरेला पट्टा आवळलेला, लाकडी खुर्चीत ताठ बसली. पाणी नको म्हणाली. परभणीचा नंबर लावून तिने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

"मी निलोफर शिकलगार. लेफ्ट कॉर्नर. वळखतीस न्हवं? ... व्हय, उपांत्यला बसवलेली. माझा मणका मोडलाय. दसऱ्यापासनं मोडलेला. आन दसऱ्यापासनं मी हिरवी हुते." ती जरा थांबली. "मी तुला दुखतंय का इचारणार न्हाई. तू चमचा कसा उचलतीस, तेवढं सांग."

फोनमधून काहीच आलं नाही. ऋजुताने हेमांगींकडे पाहिलं. हेमांगी बोलायला पुढे झाल्या, तशी निलोफरने हात वर करून त्यांना थोपवलं. मागे कुठेतरी मुलींच्या सरावाचा गलका ऐकू येत होता, मग दार लावल्याचा आवाज आला, आणि गलका थांबला.

"उचलतच नाही," ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. "पडला की राहू देते. दिवाळीच्या आधीपासून. डाव्या बाजूला." आणि मग तिचा बांध फुटला. ती बोलत राहिली, वीस मिनिटं, अर्धा तास, रडत, नाक ओढत, मध्येच हसत. निलोफर फक्त "हं" म्हणत होती. ऋजुताने लॅपटॉपवरचा आलेख पुढे केला. दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून रेघ सपाट होती.

हेमांगी लिहून घेत होत्या. तारीख, बाजू, कधीपासून, कशाने. कुठेही त्यांनी मध्ये प्रश्न विचारला नाही.

फोन संपला. निलोफरने खुर्चीचे दोन्ही हात धरून स्वतःला जरा सावरून घेतलं. कळ आली असावी, कारण ती काही क्षण डोळे मिटून बसली.

"थांबूया का जरा?" हेमांगींनी विचारलं. "दुखतंय ना?"

"व्हय, दुखतंय," निलोफर म्हणाली. "पुढचा नंबर सांगा."